तीनात एक

"...मग खोटं बोलून माणसं वाचणार असतील, तरी बोलू नये का?"

लतीफबाबा चुलीत फुंकत होता. धूर डोळ्यांत गेला म्हणून त्याने डोळे मिटले.

मी पुन्हा विचारलं.

"चहात गूळ चालेल ना?" तो म्हणाला. "साखर संपलीय."

"बाबा, मी काय विचारतोय?"

"ऐकलं. पण पाणी उकळलंय."

उंबरखारच्या समुद्रबांधावर एक जुनी कबर आहे. कुणाची, ते कुणाला माहीत नाही. तिच्या शेजारी पत्र्याची खोपी आणि खोपीत हा फकीर. मी भरती-ओहोटी मोजणारा, तेच शिकवणारा माणूस; डॉक्टर तो त्यातलाच. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, वीस वर्षं या बांधावर येत होतो. दर खेपेला त्याच्या खोपीपुढे बसून चहा प्यालो. विचारलं मात्र कधी काही नाही. त्याला विचारण्यासारखं काही असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

त्या दिवशी विचारलं, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं.

बांधाच्या एका बाजूला खाडी. दुसऱ्या बाजूला एकसष्ट घरं आणि त्यांची भातशेती. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं, की डाव्या हाताला पाणी पायाशी येतं आणि उजव्या हाताला घरांची कौलं कमरेला लागतात. समुद्र दर वर्षी थोडा वर येतो आहे. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. दाण्याएवढ्याची भीती कुणाला वाटत नाही. मला वाटते. पण मला कशाचीही भीती वाटते, असं माझी बायको म्हणायची, त्यामुळे माझं माप किती धरायचं ते मलाही सांगता येत नाही.

दुपारचे सव्वातीन झाले होते. चार वाजता शाळेत सभा होती. पाऊस तीन आठवड्यांवर. वर सड्यावर, उंच कातळावर, पत्र्याची घरं बांधून तयार होती. सगळ्या गावाने मिळून ठराव केला, तर पावसाआधी एकसष्टच्या एकसष्ट घरं वर जाणार. ठराव झाला नाही, तर कुणीच नाही.

माझ्या खिशात एक कागद होता. हे काम पाहणाऱ्या अधिकारी बाईंनी लिहून पाठवलेला. 'यंदाच्या पावसाळ्यात उंबरखारचा बांध निश्चित फुटणार आहे.' खाली माझं नाव आणि सहीपुरती जागा. फोनवर बाई म्हणाल्या होत्या, "सर, 'निश्चित' हा शब्द काढू नका. तो काढलात तर एक माणूस हलणार नाही." बाई भल्या होत्या. बोलताना त्यांचा आवाज कापत होता.

"आणि खरं काय आहे?" लतीफबाबाने विचारलं.

"तीनात एक."

"म्हणजे?"

"म्हणजे यंदासारखे तीन पावसाळे आले, तर त्यातल्या एकात फुटेल. कुठल्या, ते मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येत नाही."

"आणि कागदावर?"

"निश्चित."

"सही केलीत?"

"अजून नाही."

त्याने गूळ फोडला. दगडाने, कपड्यात गुंडाळून. एवढासा गूळ फोडायला त्याने पुष्कळ वेळ घेतला.

"बाबा, निश्चित म्हटलं आणि बांध टिकला, तर पुढच्या वर्षी मला हसतील. आणि पुढे काही वर्षांत ते तीनात एक राहणार नाही, दोनात एक होईल. तेव्हा कुणी ऐकणार नाही. बरं, आज खरं सांगावं, तर म्हणतील, तीनात दोनदा वाचणारच की, कशाला हलायचं. खरं सांगून पाहिलंय मी. दहा वर्षांपूर्वी, याच शाळेत. तेव्हाही उधाणं मोठी होती, तेव्हाही तीनात एकच होतं. मधे बांध उंच केला, तेवढाच समुद्रही वर आला. आकडा तिथंच. सगळं समजावून सांगितलं होतं. विश्वासच ठेवला नाही कुणी."

लतीफबाबाने वर पाहिलं.

"असं कुणी सांगितलं?"

"काय?"

"विश्वास ठेवला नाही, असं."

"दिसतंच आहे की. एक घर हललं नाही."

"हं," तो म्हणाला आणि चहा गाळायला लागला.

...

"ही कफनी घालायच्या आधी मी काय करायचो, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. वीस वर्षं, आणि नाही. कफनी गेल्या काही वर्षांतलीच, तरी विचारलं नव्हतं.

"हाक मारायचो."

उधाणाच्या दिवसांत तो या बांधावरून अनवाणी चालत राहायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. पायाला माती मऊ लागली, नको तिथं गार लागली, की गळ्यातला तेलाचा रिकामा डबा बडवायचा. डबा वाजला की एकसष्ट घरांतून माणसं चिखलाची घमेली घेऊन धावायची. बांधाला भोक पडून पाणी आत घुसलं, की त्याला इकडे खांड म्हणतात. खांड हातभर असते तोवर बुजते. पुरुषभर झाली की बुजत नाही.

"तुमची हाक खरी किती वेळा निघायची?" मी विचारलं. हा प्रश्न मी कुणालाही विचारतो. सवय आहे.

"दहात एकदा. कधी तेवढीही नाही."

"आणि उरलेल्या नऊ वेळा? लोक चिडत नसत?"

"नारळ द्यायचे."

"काय?"

"नारळ. हाक खोटी निघाली की घराघरातून एकेक नारळ. खोट्या हाकेचा नारळ म्हणायचे त्याला. खरी निघाली, तर कोण देणार? सगळे गळ्यापर्यंत चिखलात." तो हसला. पुढचे दोनच दात राहिले होते. "माझी आई म्हणायची, लतीफ, जन्मभर खोटा ठर रे."

मी चहा प्यालो. गूळ जास्त झाला होता.

"तुमचाही ठेवला होता," तो म्हणाला.

"कसला?"

"नारळ. दहा वर्षांपूर्वी. तुम्ही सांगून गेलात आणि बांध टिकला. लोक म्हणाले, शहरातला माणूस उन्हातून येऊन हाक मारून गेला, आणि हाक खोटी निघाली, बोलवा त्याला. शाळेत हार आणला, नारळ आणला. तेवढ्यात पेपरात तुमचं पत्र आलं."

ते पत्र मला पाठ आहे. पेपरवाल्यांनी आधी मोठा मथळा दिला होता, 'उंबरखार बुडणार!' पावसाळा सरला, गाव जिथल्या तिथं, म्हणून दुसऱ्या एका पेपरात माझी टिंगल आली. मी उत्तर पाठवलं. 'माझे विधान चुकीचे ठरलेले नाही. तीनात एक याचा अर्थच असा, की दोन वेळा बांध टिकणे अपेक्षित असते.' चौथ्या दिवशी छापलं, आतल्या पानावर, नाटकांच्या जाहिरातींखाली. त्यात गणिताची एकही चूक नव्हती.

"मास्तरांनी वाचून दाखवलं सगळ्यांना," लतीफबाबा म्हणाला. "मग नारळ कुणी द्यायचा, डॉक्टर? माणूस स्वतःच म्हणतो, मी खोटा नाही."

...

बांधावरून एक बाई येत होती. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं ताट. जवळ आल्यावर ओळखली. बेबीबाई ठाकूर. उघाडीजवळ राहते. उघाडी म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, बांधातलं लाकडी दार.

"अगं बाय! डॉक्टर!" ती लांबूनच म्हणाली. "यंदा किती टक्के बुडवताय आमाला?"

"बसा ना, बेबीबाई."

"बसते कुठली? सभेला जायचंय. बाबाची भाकर ठेवली की चालले. तुमी बोलनार म्हनून चाळीसवाले इस्त्रीचे शर्ट घालून बसलेत."

"चाळीसवाले म्हणजे?"

तिने बाबाकडे पाहिलं. बाबाने चहाकडे.

"यांना ठाऊक नाय?"

"नाही," बाबा म्हणाला.

"अवो डॉक्टर, तुमीच तर केलेत."

मला काही कळेना. ती खरंच बसली. ताट मांडीवर ठेवलं. लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली.

उंबरखारचा बांध एकसष्ट हिश्शांत वाटलेला आहे. घराला तीस पावलं. प्रत्येक हिश्शाला दगड लावलेला. रोजची माती, डागडुजी ज्याची त्याने करायची. हे मला माहीत होतं. ते दगड माझ्या नकाशावर होते.

"तुमी शाळेत फळ्यावर लिवलंत, तीनात एक. बरोबर? तीनात एक बुडनार. मग एकसष्ट घरांत किती? मास्तरांनी भागून दिलं. वीस घरं, नि एकाची पडवी."

मी हसलो. सांगायला शरम वाटते, पण हसलो. तीही हसली.

"हसताय काय? ती पडवी कुनाची, याच्यावर दोन वर्सं भांडान चाललं गावात. शेवटी सुदामची ठरली. तो आता धड इकडं ना तिकडं. लग्नाच्या पंगतीत पन मधेच बसतो."

"आणि वीस घरं कुठली, ते कसं ठरवलं?"

"त्याला काय अक्कल लागते? उघाडीकडं बांध जुना, हिस्सेवाले गरीब. बोट दाखवलं नि झालं. आमी वीस. ते चाळीस."

"पण मी तसं म्हटलंच नव्हतं!" माझा आवाज चढला होता. "मी शक्यता म्हणालो होतो. बांध सगळ्यांचा एक आहे. फुटला तर एकसष्टही घरांत पाणी येणार."

"मग तीनात एक कशाला बोललात?"

मी तिला समजावून सांगितलं. तीन पावसाळे धरा, म्हणालो. मातीवर काडीने तीन रेघा काढल्या. एका रेघेवर फुली मारली. फुली कुठल्याही रेघेवर असू शकते, आपल्याला ती दिसत नाही, असं सांगितलं. फुली पुसून दुसऱ्या रेघेवर मारली, मग तिसऱ्या. ती मान कलती करून मनापासून ऐकत होती. माझ्या वर्गात इतकं मनापासून फार थोड्यांनी ऐकलं असेल.

"हां," ती म्हणाली. "आता समजलं."

"समजलं ना?"

"म्हंजे दोन पावसाळं कोनीच नाय जानार, नि तिसऱ्याला आमी वीस जानार."

...

मी कागद काढला. तिला वाचून दाखवला.

"निश्चित," ती म्हणाली. तोंडात घोळवून पाहिल्यासारखी. "म्हंजे आमची वीस निश्चित."

"नाही, बेबीबाई! सगळी. एकसष्ट."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मागल्या टायमाला पन तुमी एकसष्टच बोलला असाल," ती हळू म्हणाली. "पन सहा वर्सांमागं खांड आमच्याच हिश्शाला पडली ना. तुमचा आकडा खरा झाला. आता तुमाला खोटं कोन म्हनंल? चाळीसवाल्यांनी तुमचा फोटो लावायचा तेवढा बाकी ठेवलाय. आमी वीस तर आज निघू. पन ते म्हनतात, डॉक्टरांच्या हिशोबात आमी नाय, आमी कशाला घरं सोडू?"

ती उठली. पदर झटकला.

"बाबा, भाकर झाकून ठेवा, कावळा नेईल. डॉक्टर, तुमी पन खा थोडी, बोलायला ताकद पायजे. सुकट चालतंय ना?"

मी चालतं म्हणालो. चालत नाही. पण म्हणालो.

ती गेली. बांधावरून तिची पाठ बराच वेळ दिसत होती.

...

"हिराजी हिचा नवरा," लतीफबाबा म्हणाला.

मी पेला खाली ठेवला.

"खांड पडली त्या दिवशी सकाळची भरती होती. उघाडीच्या अलीकडे पायाला गार लागलं. बसून पाहिलं, तर हातभर खांड. डबा बडवला. बडवत राहिलो. हात सुजला, डॉक्टर. वीस घरं आली. चाळीस घरं दारात उभी राहिली. डोक्यावर कांबळी घेऊन, पावसात, बघत."

"का?"

"म्हणत होती, ती त्यांची खांड आहे. डॉक्टरांनी सांगितलेली."

...

"एकसष्ट घमेली पडली असती, तर बुजली असती. वीस पडली. मग पुरुषभर झाली. हिराजी घराच्या दाराची फळी उपसून घेऊन आला आणि खांडीत आडवा उभा राहिला. फळी दुसऱ्या दिवशी मिळाली."

"आणि पाणी? चाळीस घरांत शिरलं नाही?"

"शिरलं की. पण उंबऱ्यापर्यंत, आणि ओहोटीला गेलं. ते म्हणाले, बघा, आपल्याकडे नुसतं दर्शन देऊन गेलं."

त्या खांडीची तारीख माझ्या वहीत आहे. उधाणाची उंची आहे, सेंटिमीटरपर्यंत. खांडीची रुंदी आहे. वाऱ्याची दिशा आहे. हिराजी वहीत नाही.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडलोच. "वीस वर्षं तुमच्याकडे चहा पितोय मी! दहा वर्षं हे चाललंय गावात, आणि तुम्ही एका शब्दाने..."

"तुम्ही सांगायला यायचात," तो म्हणाला.

...

खाडीचं पाणी चढत होतं. बांधाच्या दगडांवर पहिली ओळ ओली झाली, मग दुसरी. मी न बघता सांगू शकलो असतो, किती मिनिटांत तिसरी होईल.

"मीही मोजलं होतं," तो म्हणाला. "मास्तर भागाकार करत होते, तेव्हा मी आधी माझी खोपी कुठं येते ते मोजलं. चाळीसात आली. हुश्श केलं. हाक मारणाऱ्याने हुश्श केल्यावर त्याचा डबा वाजतो, पण हाक जात नाही. हिराजीनंतर डबा खाडीत टाकला आणि ही कफनी घातली. लोकांना वाटतं, वैराग्य."

शाळेच्या भोंग्यावर कुणीतरी फुंकर मारून पाहिली. मग आवाज आला. 'डॉक्टर खांबेटेसाहेब गावात आलेले आहेत. सर्वांनी वेळेवर यावं. डॉक्टरसाहेबांचा शब्द म्हणजे...' पुढचं वाऱ्याने नेलं.

"बाबा," मी म्हणालो, "लोक विश्वास ठेवत नसतील, तर काय करायचं ते मला येतं. आयुष्यभर तेच शिकलो. आणखी आकडे द्यायचे, आणखी नकाशे दाखवायचे. आणि त्यांनी विश्वास ठेवलेला असेल, तर काय करायचं... ते मला येत नाही."

तो भाकरी मोडत होता.

"खरं सांगितलं, तर वेगळंच ऐकलं. खोटं सांगितलं, तर तेही त्याच साच्यात ऐकतील. निश्चित म्हटलं तर वीसच निश्चित. तीनात एक म्हटलं तरी वीस. आज उलगडून सांगितलं, तर म्हणतील, डॉक्टर म्हातारा झाला, मागे बरोबर बोलला होता. पाऊस तीन आठवड्यांवर आहे. शब्दच राहिला नाही माझ्याकडे. मग मी तिथं जाऊन बोलू काय?"

त्याने अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. मला ती उचलवेना.

"डॉक्टर, एक विचारू?"

वीस वर्षांत त्यानेही मला कधी काही विचारलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"विचारा."

"खांड पडल्याचं तुम्हाला कुठं कळलं?"

"घरी. सकाळच्या पेपरात."

"वाचलंत, तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं? नंतरचं नको. पहिलं."

माझ्याकडे उत्तरं होती. काळजी वाटली. शेतात खारं पाणी गेलं, आता काही वर्षं भात होणार नाही, याचं वाईट वाटलं. कुणी वेळेवर ऐकलं नाही याचा संताप आला. ही सगळी उत्तरं खरी होती. सगळी नंतरची होती.

पहिलं काय होतं, ते मला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो होतो. बायको पोळ्या करत होती. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. 'उंबरखारचा बांध फुटला.' दोनदा वाचलं. ती म्हणाली, "अहो, कुणी गेलं का त्यात?" मी शेवटची ओळ वाचलीच नव्हती. शेवटच्या ओळीत होतं, एक जण बेपत्ता.

...

"बरं वाटलं," मी म्हणालो.

लतीफबाबा वाट पाहत राहिला, म्हणून पुन्हा म्हणालो.

"बरं वाटलं, बाबा. माझा आकडा खरा ठरला म्हणून."

तो दचकला नाही. त्याने मला माफही केलं नाही. खिशातून अर्धा बाहेर आलेला कागद त्याने दोन बोटांनी काढून घेतला, उलटा करून जमिनीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चहाचा पेला ठेवला.

भोंग्यावर पुन्हा माझं नाव आलं.

मी उठलो. खोपीला हात टेकून उभा राहिलो. खाली शाळेच्या अंगणात माणसं दिसत होती. इस्त्रीचे शर्ट एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. मधे एक माणूस एकटाच बसला होता. सगळे वर, बांधाकडे बघत होते.

"बाबा... काय सांगू त्यांना?"

"आत्ता मला सांगितलंत, एवढंच सांगा," तो म्हणाला.